पत्रकावरची बदललेली ओळ

२ मार्च

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझं सायकलचं दुकान दोघंही ठीक असाल असं धरते. माझं म्हणशील तर रक्ताचा कर्करोग जिथल्या तिथे आणि मीही जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाईंनी तलावात उतरायला सक्त मनाई केली आहे. त्यामुळे पोहायला शिकवणारी मी कोरडी, काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत. तोंडाला मास्क असल्याने शिट्टी फुंकता येत नाही, म्हणून काठीने कठडा ठोकते.

माझा उपक्रम तुला ठाऊक आहेच. पोहता न येणाऱ्या मोठ्या माणसांनी शिकायचं, आणि ज्याने जितक्या फेऱ्या मारल्या तितकी देणगी त्याच्या ओळखीच्यांनी या रोगावरच्या संशोधनाला द्यायची. पण संशोधनाचं नाव काढलं की लोक गप्प होतात आणि मला संत्री आणून देतात! काल पोस्टातल्या बाई अर्ध्या फेरीत थांबल्या, माझ्याकडे बघून रडल्या आणि तळ गाठता गाठता वाचल्या. मी ओरडले, तर म्हणाल्या की आजारी माणसाने चिडू नये. चिडू नको तर काय टाळ्या वाजवू?

पत्रकं वाटतो आहेस ना? मजकूर लिहून दिलाय तसाच ठेव, स्वतःची अक्कल पाजळू नकोस.

वेळेवर जेव, आणि या कटकट्या बहिणीवर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी काठी इथवर ऐकू आली. बातमी चांगली आहे. दुकानात ठेवलेला देणगीचा डबा दोनदा भरला. न्हावी, बेकरीवाली, सगळ्यांनी हात सैल सोडला. माझ्या जुन्या मास्तरीणबाईंनी तर पेन्शनमधून दिले. आधी हेच लोक पत्रकाने सायकलची चेन पुसत होते, खोटं सांगत नाही. एकाएकी कसं जमलं ते विचारू नकोस.

या पैशांतून आधी तुला दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना दाखवावं असं मनात आहे. बोलूच. तब्येतीला जप, पोस्टातल्या बाईंना बुडवू नकोस आणि माझ्यावरचा राग आहे तेवढाच असू दे, वाढवू नकोस.

तुझा ठोंब्या

१६ मार्च

ठोंब्या,

आज आशीर्वाद नाहीत, ते कपाटात ठेवले आहेत.

तुझ्या मास्तरीणबाई इथे भाचीकडे आल्या होत्या, त्या मला बघायला तलावावर आल्या. एका हातात सफरचंदं, दुसऱ्या हातात तुझं पत्रक. ‘माझ्या बहिणीला वाचवा’! वर माझा टकलाचा फोटो. संशोधनाची माझी ओळ कुठे गेली? मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या डॉक्टरांना मी कधीच दाखवलंय, तुला न सांगता. दोघांचं म्हणणं एकच आहे. माझ्या प्रकारावर जे औषध होतं ते घेऊन झालं. नवं अजून प्रयोगशाळेत आहे, आणि ते माझ्या वेळेत येणार नाही. म्हणून तर हा खटाटोप. माझ्यामागून इस्पितळातल्या माझ्याच खाटेवर कुणीतरी येऊन पडणार आहे. तिला डॉक्टरीणबाईंनी निराळं काही सांगावं, एवढंच मला हवंय.

मला वाचवायला म्हणून लोकांनी दिलेले पैसे गुपचूप तिकडे वळवले तर ती फसवणूक होईल. तेव्हा ज्याने ज्याने दिले त्याच्या दारी जा, खरं काय ते सांग, आणि पैसे परत हवेत की संशोधनाला देऊ ते विचार. सगळी तुझीच गिऱ्हाइकं आहेत, घरं तुला माहीत आहेत.

मायेचं पुढच्या पत्रात बघू.

ताई

३० मार्च

ती. ताईस नमस्कार. साष्टांग घालायची आज इच्छा नाही.

गेलो दारोदार. न्हाव्याकडे तोंडच उघडेना, केस कापून घेऊन परत आलो. बेकरीवालीला म्हणालो की हे पैसे ताईच्या उपयोगी पडणार नाहीत. तिने विचारलं, म्हणजे काय? मग सांगावंच लागलं की माझी बहीण यातून उठणार नाही. ती भट्टी तशीच सोडून बाहेर आली. पुढच्या दारी पुन्हा तेच. तू मला पत्रातून एकदा सांगून मोकळी झालीस, मी गावभर सांगत फिरलो. पत्रक बदललं ते चुकलं, कबूल. पण तुझ्या मजकुरात सगळं होतं, तू कुठे नव्हतीस. मला तू हवी होतीस, त्यात काय चुकलं ते अजून कळलेलं नाही.

सगळे म्हणाले, संशोधनाला द्या. न्हाव्याकडे पुन्हा गेलो, त्याने वर भर घातली. मास्तरीणबाई म्हणाल्या की द्या, पण पत्रकाचं शुद्धलेखन तरी सुधारा. तुझ्या ओळीची नवी पत्रकं छापायला टाकली आहेत.

पैसे परत मागणारा एकच निघाला. तो मी. डब्यात पहिली नोट माझी होती, ती काढून घेतली. ती संशोधनाला नव्हती, तुलाच होती. तिचं तुझ्याकडे यायचं तिकीट काढलंय. शनिवारी पोचतो. परतीचं काढलेलं नाही. काय ओरडायचं ते समोर बसवून ओरड.

तुझा ठोंब्या