दोष दुधाचा नव्हता

माय, तुझ्या धाकट्यासारखाच माझाही मुलगा सारखा तापतोय. तोंडात तेच पांढरे चट्टे, तोच न थांबणारा खोकला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण सेलूच्या त्या स्वयंपाकघरात धाकट्याला पदराआड पाजत बसलेली तू मला आजही दिसतेस. आत्या पूर्णेहून आलेली आहे. उंबऱ्यातूनच म्हणते, "हिच्या दुधातच खोट हाय, लेकरू अंग कसं धरंल?" तू नुसती त्याची कुंची सारखी करतेस. पुढच्याच आठवड्यात तो गेला आणि तुझ्या दुधाला बोल लागला तो कायमचा.

दूध नव्हतंच गं कारण. डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तिथे कोवळ्या येतात आणि वाढतात. त्यांना 'वाढा' असा निरोप देणारे रेणू शरीरात असतात. माझ्या बाळाच्या अंगात निरोप आहे, पण पेशींवरचा तो घेणारा भागच बिघडलेला आहे. म्हणून त्या वाढत नाहीत, आणि साधी सर्दीसुद्धा त्याला नेऊ शकते. त्याच्या थोरल्या बहिणीची अस्थिमज्जा जुळली तर आशा आहे. रिपोर्ट उद्या यायचाय.

काल आत्या आली, काठी टेकत. "लेकराला डोळ्यानं बघू तर दे. मांडीवर न्हाई घेत." मी दार अर्धंच उघडलं. "आत्या, तुमी खोकायलाव. आत नका येऊ." "लय शिकलीस," म्हणाली आणि वळली. माझ्या मायच्या दुधात खोट नव्हती, हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. 'मग कशानं?' असं तिनं विचारलं असतं. हा दोष आईकडून येतो, माय. बहुधा तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्याच्याकडे. आपल्याला, बायकांना, काही होत नाही, आपण नुसता पुढे देतो.

दार लावून आत आले. झोपेत त्याचा श्वास घरघरत होता. त्याच्या छातीला कान लावला. तुझा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारण त्या क्षणी, माय, मीही तुलाच दोष दिला.