खुर्चीमागची भिंत

शर्वरी,

मंदार मला खोकल्यासाठी डॉक्टरकडे नेतोय. तू येशील तेव्हा आम्ही घरी नसू. भिंती साफ करायला घेतल्यास तर आधी कोरडा स्पंज वरून खाली फिरव. ओलं फडकं लावू नकोस. मी खिडकीजवळ लावलं आणि काजळी आणखीच पसरली. पडदे गराजमध्ये ठेवलेत.

हॉलमधल्या खुर्चीमागची भिंत मात्र तशीच राहू दे. तुझे सासरे तेल लावलेलं डोकं तिथे टेकून बसायचे. ते गेल्यावर तो डाग तू घासून काढलास. आता धूर नेमका तिथेच चिकटलाय. सकाळी ऊन आलं तेव्हा त्यांच्या डोक्याएवढा गोल दिसला. त्याच खुर्चीत बसून त्यांनी मला म्हातारपणी अक्षरं शिकवली. आज मी त्या गोलासमोर बसले आणि हवेतच बोटाने अ गिरवला. भिंतीला हात लावला नाही.

गॅसवर तेल विसरलीस म्हणून कालपासून मान वर करत नाहीस. पुरे आता. तू विसरली नसतीस, तर ते मला पुन्हा दिसले नसते.

संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून चहा घेऊ. मग दोघी मिळून पुसू.

आई