अर्धी बरणी तूप

हैदराबाद, माघ, फसली १३५३

आई,

तुझ्या पायावर कोकिळाचं डोकं. मी बरी हाय, लेक बी बरी हाय. झरीला अण्णांचा खोकला कसा हाय?

तू धाडलेली तुपाची बरणी पोचली. सासूबाई रोज माझ्या दुधाचा थेंब नखावर घेऊन बघायच्या. ओघळला की म्हणायच्या, "पातळ हाय, अजून तूप खा." खाऊन खाऊन मी कंटाळले.

काल दवाखान्यातल्या नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, "पाजताना आधी पातळच येतं, मागून दाट येतं. लेकराला लवकर सोडवू नका. लय तूप खाऊन दूध दाट होत न्हाई. आईला खायला कमी पडलं, तर दुधातलं लोणी तिच्या अंगावरच्या चरबीतून येतं."

तवापासून मला दुसरं काही सुचंना. माझ्या वेळी दुष्काळ होता, भाकरीची बी मारामार होती, तरी मी गुबगुबीत होते, असं तू कौतुकानं सांगतीस. त्या साली तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, हे मनकर्णामावशी सांगती. तू कधी सांगितलं न्हाईस.

अर्धी बरणी किशनमामासंगं परत धाडलीय. ती वाटू नको. मामाच्या समोर बसून तू खा.

तुझ्या अंगावर वाढलेली,
कोकिळा