परातीतला समुद्र

सर, आज तुमची परात ऑफिसात नेली होती. तुमच्या हाताखाली संशोधन करत होते तेव्हा ती पहिल्यांदा पाहिली, तुमच्याच स्वयंपाकघरात. ओट्यावर परात, तिच्यात हळदीचं पाणी आणि बुधवार पेठेतून आणलेला टेबलफॅन. तुम्ही बटण दाबता, पाणी पलीकडच्या काठाला दाटतं, अलीकडे तळ उघडा पडतो. "पाणी तेवढंच ना? मग दोन्ही काठांना सारखं का नाही? समुद्र म्हणजे काय नळाखालची बादली आहे, सगळीकडे एकसारखा चढायला?" हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह उत्तरेकडे वाहू लागला की आपल्या किनाऱ्याचं पाणी चढतं, पावसाळ्यात तो उलटला की उतरतं, हे तुम्ही रंगून सांगताय आणि मागून काकू म्हणतात, "अहो, तुमचा समुद्र आटोपला असेल तर मला कणीक मळायचीय."

पुढे शिष्यवृत्ती संपली. घरी धाकटी भावंडं शिकत होती; मी हडपसरच्या कंपनीत नोकरी धरली आणि भीतभीतच पेढे घेऊन आले. "वा! म्हणजे आपण आता संगणकाच्या सेवेत," म्हणालात. मग परात धुतलीत, पुसलीत आणि माझ्या हातात दिलीत. "हडपसरला समुद्र नाही. आमचा घेऊन जा." काकूंनी कणकेसाठी दुसरं भांडं काढलं. मी रिक्षात रडले. हा टोमणा की आशीर्वाद, हे विचारायच्या आत तुम्ही कायमचे गेलात. परात माळ्यावर गेली.

आता कोकणातल्या एका बंदराचा धक्का किती उंच बांधायचा, याचं गणित आमच्या कंपनीकडे आलंय. तो कमी पडला तर कोळ्यांच्या घरांत पाणी शिरेल. आमच्या टीममधल्या पोरांनी समुद्र किती चढेल यासाठी सरळ जगाची सरासरी धरली. "मॅम, ग्लोबल ॲव्हरेज रेडी आहे ना, मग इतकं कशाला?" मी कॅन्टीनच्या टेबलावर परात मांडली, पंखा लावला. पोरं वाकून बघत राहिली. "म्हणजे मॅम, प्रत्येक किनाऱ्याचं पाणी वेगळं धरायचं?" मला इतका आनंद झाला सर, की पंखा पुन्हा लावून दाखवला. संध्याकाळी त्यांनी तिथला वारा आणि प्रवाह धरून काम नव्याने सुरू केलं.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही. म्हणून इथेच सांगते, इतकी वर्षं मी तो टोमणाच समजत होते. आज घरी येऊन परात घासली आणि काकूंची आठवण काढत तिच्यात कणीक मळली.