आजीचं बोट

प्रिय ठमे,

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हुंकार भरतो, अशी तुझ्या आईची तक्रार आहे. म्हणून आज लिहायला बसलोय. अक्षर अजून वळणावर यायचंय, सांभाळून घे.

माझी उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळत चाललेलं तू पाहिलं होतंस. आधी तळव्यात नुसती गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून मनावर घेतलं नाही. मग गाठीची दोरी झाली आणि तिनं बोटं ओढून धरली. तोंड धुताना बोट डोळ्यात जायचं, खिशात हात घातला की अडकून बसायचा. तरी रेटत होतो. पण एकदा पोहण्याच्या तलावावर एका मुलीला उताणं तरंगायला शिकवताना तिच्या पाठीखाली हात धरला, तर ती म्हणाली, "सर, तुमचं बोट टोचतंय." इतकी वर्षं पोरं ज्या तळव्यावर बिनधास्त अंग टाकत आली, तोच टोचायला लागला! त्या दिवशी जेवण गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. तळवा टेकेचना. "घरात आणखी कुणाला होतं का?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात आठवलं. माझी आई! तिनं आयुष्यभर लॉन्ड्रीत चादरी पिळल्या. तिची हीच दोन बोटं वळलेली. त्या आकड्यात पिशवी अडकवून ती बाजारातून यायची. कामानं झालं असेल, असं आम्ही समजायचो. बाई म्हणाल्या, हे बहुतेक रक्तातूनच येतं. घरी येईपर्यंत मी स्वतःच्या हाताकडेच बघत होतो. तिला जाऊन किती काळ लोटला, आणि तिचं बोट इथं, माझ्या हातात, जसंच्या तसं!

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला. मी हट्टानं पडदा बाजूला करायला लावला. कातडीखाली ती दोरी दिसली, पांढरी, ताठ. बाई ती हळूहळू सोडवत गेल्या, आणि त्यांनी उचलली तशी दोन्ही बोटं सरळ झाली. माझीच बोटं, पण मी श्वास रोखून बघत होतो, बाळ जन्माला येताना पाहावं तसा. जखम भरल्यावर परवा पुन्हा पाण्यात उतरलो. त्याच मुलीच्या पाठीखाली हात धरला. ती छताकडे बघत निवांत पडून राहिली. मी हात कधी काढून घेतला, तिला कळलंही नाही.

दुखणं परत येऊ शकतं, असं बाई म्हणाल्यात. आलं तर बघू.

आता ज्यासाठी लिहितोय ते. मागच्या खेपेला तू माझी गोळी तळव्यावर ठेवून पुढे केलीस, तेव्हा तुझ्या करंगळीशेजारच्या बोटाखाली मला एक खळी दिसली. जिममुळे घट्टा पडलाय, म्हणालीस. मी गोळी घेतली आणि विषय बदलला. ठमे, तळवा टेबलावर पालथा टेकवून बघ. टेकला तर घाई नाही, तरी एकदा बाईंना दाखवू. मी बरोबर येतो. घाबरायचं काही नाही. खरं सांगू? काळजी वाटलीच, पण अंगावर काटाही आला. आजीला तू कधी पाहिलं नाहीस. तिनं मात्र तुझा हात कधीचा धरून ठेवलाय.

तुझाच,
बाबा