तब्येत ठणठणीत असल्याबद्दल दिलगिरी

त्सुकुबाच्या उत्तरेकडच्या डोंगरातून,
१२ जुलै

ती. प्रकाशभावजींना विजयचा साष्टांग नमस्कार.

ताईचे गुडघे आणि तुमचं प्रेशर, दोन्ही आटोक्यात असतील. माझ्या तब्येतीची चौकशी तुम्ही केली नाहीत तरी चालेल. इथे अख्खी वाडी रोज सकाळी करते. का, ते तुम्हालाच कळेल. कृषी खात्यात तीस वर्षं तुम्ही लोकांना अनुदानाच्या अटी समजावल्यात (आणि निवृत्त झाल्यावर स्वतः समजून घेतल्यात).

हॉटेल विकून मी इथे भाताचं खाचर कसायला घेतलं, तेव्हा तुम्ही हसला होतात. कोबेच्या पेढीवर गाठोडी वाहून सुरुवात केलेल्या माणसाला जरा हिरवं बघावंसं वाटलं, एवढंच. तर, उतारावरची शेती पडीक पडू नये म्हणून इथलं जपानी सरकार सगळ्या वाडीला मिळून अनुदान देतं. अकरा घरं, एक करार, पाच वर्षं. मधेच एकानेही शेत सोडलं, तर सगळ्यांनी पहिल्या वर्षापासूनचं परत करायचं. सूट दोघांनाच: जो मेला त्याला, आणि जो गंभीर आजाराचा डॉक्टरचा कागद आणेल त्याला. सही करताना मी अक्षर न् अक्षर वाचलं होतं. या दोघांत आपण नाही, अशी खात्री होती. (सहासष्टाव्या वर्षी मी इथलं तरुण मंडळ.)

मार्चमध्ये ओनो-आजोबा वारले. शेवटच्या आठवड्यात एकच विचारत होते, मी गेलो तर सूट नक्की मिळेल ना? मिळाली. वाडीप्रमुख अंत्यविधीला म्हणाले, ओनो-साननी कुणाला तोशीस लागू दिली नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मीसुद्धा.

इकडे रेखा आमच्या लेकीच्या, जुईच्या, बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिथलीच झाली. म्हणून एप्रिलमध्ये सगळे मिळून गवत कापून चहाला बसलो असताना मी बोलून गेलो, की मलाही आता परत जावंसं वाटतं. कराराची दोन वर्षं बाकी. पेले हवेतच थांबले. या मंडळींना वाटतं, त्यांची गावरान बोली मला कळत नाही; पण गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांची कुजबुज ऐकण्यात माझी वीस वर्षं गेलीत.

"चढावर इंदो-सानना धाप लागते का हो?" शेजारच्या नेमोतोबाई. (इंदो-सान, म्हणजे 'भारतवाले', मीच.)

"कसली धाप! गवताचं मशीन खांद्यावर टाकून पळतो तो."

"अरेरे."

तेव्हापासून दारात रोज काकड्या येतात आणि मागोमाग चौकशी. शेवटी म्हटलं, एवढी सगळ्यांची इच्छा आहे तर आजारी पडू. त्सुकुबातले एक डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक. काहीतरी दणदणीत लिहून द्या, म्हणालो. खोटं लिहीत नाही, म्हणाले, आधी तपासण्या करून घ्या. केल्या.

बाकी यंदा भात झकास आहे. जुईच्या बाळाला अनेक आशीर्वाद.

तुमचा,
विजय

ता. क. : कागद मिळाला. डॉक्टरांना खोटं लिहावं लागलं नाही. फुप्फुसात आहे.

ता. क. २ : तो दाखवला तर वाडी सुटली, मीही परवा पुण्यात. पण नेमोतोबाईंच्या खाचराला पाणी माझ्या खाचरातून उतरतं, आणि माझं खाचर सांभाळायला इथे हात उरलेले नाहीत. वय त्यांचं एक्क्याऐंशी. सप्टेंबरात कापणी होईपर्यंत थांबतो. तेव्हा खरी विनंती अशी: मी का येत नाही असं रेखाने विचारलं, तर तुमच्या खात्यातल्या आवाजात सांगा, की या योजनेत कुणालाही, कशासाठीही सूट नसते. तुमच्या तोंडून तिला पटेल.

ता. क. ३ : आत्ताच नेमोतोबाई येऊन गेल्या. तब्येत कशी, विचारलं. ठणठणीत, म्हणालो. "अरेरे," म्हणाल्या, आणि काकड्या ठेवून गेल्या.