शेगडीवरचं कुलूप

नवनीत,

मी विसरते नि गॅस चालू राहतो म्हणून शेगडीवर लाकडी झाकण बसवलंस, त्याला कुलूप घातलंस आणि किल्ली खिशात टाकून शहाद्याला निघून गेलास. "माय, तुले याद ऱ्हास नही," म्हणे! मग दिवसभर माणसाने खायचं काय?

मी परसातली चूल पेटवली. भरिताची वांगी अर्धीच भाजली आणि तुराट्या संपल्या. मग पेचकसाने तुझ्या झाकणाच्या बिजागऱ्या काढल्या आणि फळ्या चुलीत घातल्या. सागवान छान जळतं. कुलूप ओट्यावर आहे, सांभाळ.

भरीत-भाकरी झाकून ठेवलीय. मी चार दिवस निर्मलामावशीकडे नंदुरबारला जाते. चूल पाणी मारून विझवली आहे.

आई

चूल विझवलीय का, तेवढं आल्याबरोबर बघ.